विश्लेषण : माकडाची मान पाहून माणसाचे शरीरशास्त्र लिहिणारा गेलेन… त्याची चूक नेमकी किती मोठी होती?

मानेच्या सीटी स्कॅनमध्ये हासळीच्या हाडाजवळ कधी कधी एक छोटा गोल ठिपका दिसतो. रुग्णाला तोंडाचा कर्करोग असेल, तर पहिली शंका हीच येते, की रोग मानेतील लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचला का? पण काही वेळा तो ठिपका म्हणजे गाठ नसतेच. तो असतो एक जादा स्नायू. शंभरातील साधारण दोघा-तिघांच्या मानेत तो सापडतो. माकडांच्या आणि वानरांच्या मानेत मात्र तो हमखास असतो. या स्नायूची नोंद सुमारे १८०० वर्षांपूर्वी गेलेन या ग्रीक वैद्याने करून ठेवली होती. फरक इतकाच, की त्याने तो माकडात पाहिला आणि माणसातही तसाच असणार असे धरून चालला. युरोप आणि पश्चिम आशियातील वैद्यकावर तेराशे वर्षे राज्य करणारा हा माणूस कोण होता, तो कुठे चुकला आणि कुठे बरोबर ठरला, याविषयी…

गेलेन कोण होता?

गेलेनचा जन्म इ.स. १२९ मध्ये पर्गामम या शहरात झाला. आज हे ठिकाण तुर्कस्तानात असून त्याचे नाव बेर्गामा आहे. त्या काळी ते रोमन साम्राज्यातील श्रीमंत ग्रीक शहर होते आणि आरोग्यदेवता अॅस्क्लेपियसच्या मंदिरासाठी प्रसिद्ध होते. दूरदूरचे रुग्ण या मंदिरात येऊन राहत, तिथेच झोपत आणि स्वप्नात देव उपचार सांगेल अशी वाट पाहत.

गेलेनचे वडील निकॉन हे वास्तुविशारद होते. घरी जमीनजुमला होता. त्यांनी मुलाला गणित, तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकवले. वडील शांत आणि न्यायी, तर आई इतकी तापट, की रागाच्या भरात दासींना चावे घेई, असे गेलेनने स्वतःच लिहून ठेवले आहे. मुलगा सोळा-सतरा वर्षांचा असताना निकॉन यांना स्वप्न पडले आणि त्यावरून त्यांनी त्याला वैद्यकाकडे वळवले. पुढे दोन-तीन वर्षांतच वडील वारले. हाती पैसा होता, जबाबदारी कमी होती. गेलेन शिकण्यासाठी बाहेर पडला तो स्मिर्ना, कॉरिंथ आणि शेवटी इजिप्तमधील अलेक्झांड्रिया असा.

अलेक्झांड्रियालाच का गेला?

या शहरात इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात हेरोफिलस आणि एरासिस्ट्राटस या दोघांनी माणसाच्या मृतदेहांचे विच्छेदन केले होते. ती परंपरा गेलेनच्या काळापर्यंत संपली होती. तरीही तिथले शिक्षक विद्यार्थ्यांना माणसाची खरी हाडे दाखवून शिकवत. म्हणून शक्य असेल त्याने एकदा तरी अलेक्झांड्रियाला जावे, असा सल्ला गेलेन पुढे आयुष्यभर देत राहिला.

ज्यांना ते शक्य नाही, त्यांनी मिळेल ती संधी साधावी, असे त्याचे म्हणणे होते. पुरात थडगे फुटून वाहत आलेला एक सांगाडा आणि रस्त्याकडेला मारला गेलेल्या एका दरोडेखोराचा पक्ष्यांनी साफ केलेला सांगाडा आपण कसा पाहिला, हे त्याने तपशिलाने लिहिले आहे. थोडक्यात, माणसाचे शरीर आतून पाहण्याची त्याची धडपड खरी होती. पण रोमन जगात माणसाचे प्रेत शास्त्रासाठी फाडणे लोकांना मान्य नव्हते. त्याच्या पुढल्या सगळ्या यशापयशाचे मूळ या अडचणीत आहे.

ग्लॅडिएटरांचा वैद्य कसा झाला?

इ.स. १५७ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, गेलेन पर्गाममला परतला. तिथल्या मुख्य पुजाऱ्याच्या ताब्यात ग्लॅडिएटरांचा एक ताफा होता आणि त्यांच्यासाठी वैद्य हवा होता. गेलेनने जाहीर प्रात्यक्षिक ठेवले. एका माकडाचे पोट फाडून त्याने जमलेल्या वैद्यांना ते पूर्ववत करून दाखवण्याचे आव्हान दिले. कोणी पुढे आले नाही. मग त्याने स्वतःच ते करून दाखवले आणि काम मिळवले.

पुढची काही वर्षे त्याने तलवारी-त्रिशूळांच्या जखमा शिवल्या, तुटलेले स्नायू जोडले, वाइनमध्ये भिजवलेली फडकी जखमांवर बांधली, ग्लॅडिएटरांचा आहार ठरवला. आधीच्या वैद्यांच्या हातून बरेच जण दगावत, आपल्या काळात ते प्रमाण अगदी कमी झाले, असा त्याचा दावा आहे. गेलेनला स्वतःची स्तुती करण्याची सवय होती, हे लक्षात ठेवून तो वाचावा लागतो. पण जखमेतून दिसणारे जिवंत माणसाचे स्नायू, शिरा आणि नसा त्याने इथे वर्षानुवर्षे पाहिल्या, यात शंका नाही.

माकडेच का निवडली?

माणूस मिळत नाही, तर माणसाच्या सर्वांत जवळचा प्राणी घ्यावा, हा गेलेनचा साधा हिशेब होता. उत्तर आफ्रिकेतले बार्बरी मकाक हे माकड त्याला सोयीचे वाटले. त्याला शेपूट जवळपास नसते. त्यातही ज्याचा चेहरा गोल, सुळे लहान आणि चाल माणसासारखी ताठ, असे माकड निवडावे, असे तो सांगतो.

मानेच्या अभ्यासासाठी त्याने घेतलेली काळजी लक्षात घेण्याजोगी आहे. माकड गळा आवळून मारले, तर मानेतील नाजूक भाग चेंगरतात. म्हणून ते पाण्यात बुडवून मारावे, अशी सूचना त्याने दिली आहे. आज हे वाचताना अंगावर काटा येतो. पण पाहायचे ते नीट पाहण्याचा त्याचा आग्रह किती टोकाचा होता, हेही त्यातून कळते.

सुरुवातीला माकडाची कातडी सोलण्याचे काम तो नोकरावर सोपवत असे. ते आपल्या प्रतिष्ठेला शोभत नाही, असे त्याला वाटे. एकदा काखेजवळ त्याला मांसाचा एक तुकडा लोंबताना दिसला. तो कोणत्याच स्नायूचा भाग वाटेना. पुढचे माकड त्याने स्वतः हळूहळू सोलले आणि कातडीलाच चिकटलेला स्नायूचा पातळ थर त्याला सापडला. नोकर कातडीबरोबर तोही ओढून काढत होता.

मानेतला कोणता स्नायू त्याच्या नावावर आहे?

गळ्याची शीर ताणून, ओठांचे कोपरे खाली ओढून आरशात पाहिले, तर कातडीखाली उभ्या दोऱ्या उमटताना दिसतात. दाढी करताना पुरुष नकळत हेच करतात. हे काम करणारा स्नायू म्हणजे हासळीच्या खालपासून जबड्यापर्यंत पसरलेला कागदासारखा पातळ पडदा. आधीच्या अभ्यासकांच्या नजरेतून तो सुटला होता, कारण तो कातडीबरोबरच निघून येई. गेलेनने तो ओळखला आणि त्याच्या पसरट आकारावरून त्याला ग्रीक नाव दिले. प्लॅटिझ्मा हे नाव जगभरचे डॉक्टर आजही वापरतात.

हा स्नायू सगळ्यांत सारखा नसतो, हेही आता माहीत आहे. काहींमध्ये दोन्ही बाजूंचे तंतू हनुवटीखाली एकमेकांत गुंफलेले असतात, काहींमध्ये ते मध्ये फट ठेवून वेगळेच राहतात. काहींमध्ये तो जाडजूड, तर काहींमध्ये इतका विरळ, की शोधावा लागतो. वयानुसार मानेवर कोणाच्या ठळक पट्ट्या दिसतात आणि कोणाच्या नाही, याचे एक कारण हा फरक आहे. चेहऱ्याच्या सौंदर्यशस्त्रक्रिया करणाऱ्यांना तो आधी पाहावाच लागतो.

मग चूक कुठे झाली?

गेलेनने माकडाच्या मानेत आणखी काही स्नायू पाहिले. त्यातला एक मानेच्या पहिल्या मणक्याच्या बाजूच्या टोकापासून निघून खांद्याच्या टोकाकडे जातो. चार पायांवर चालणाऱ्या आणि झाडावर चढणाऱ्या प्राण्याला खांदा पुढे-वर खेचायला तो उपयोगी पडतो. वानरांमध्ये याच जातीचा स्नायू हासळीच्या हाडाला येऊन मिळतो. आज त्याला लेव्हेटर क्लॅव्हिक्युली, म्हणजे हासळी वर उचलणारा स्नायू, म्हणतात. दुसरा एक बारीक स्नायू कवटीच्या मागच्या भागापासून थेट खवाट्याच्या हाडापर्यंत उतरतो. माकडात तो नेहमीचा, माणसात अगदी क्वचित सापडणारा.

गेलेनने दोन्हींचे वर्णन केले आणि ते चोख होते. पण ते माणसाच्या शरीरशास्त्राच्या पुस्तकात गेले. जे माकडात आहे ते माणसात असणारच, ही त्याची समजूत होती. हाडांच्या बाबतीतही तेच झाले. छातीच्या मधल्या हाडाचे सात भाग, खालच्या जबड्याची दोन हाडे, मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचे अद्भुत जाळे, अशा गोष्टी त्याने प्राण्यांवरून माणसाला चिकटवल्या. असे जाळे बैल-मेंढ्यांसारख्या प्राण्यांत असते, माणसात नसते.

आवाजाचा शोध काय होता?

मानेच्या बाबतीत गेलेनचे सर्वांत मोठे काम स्नायूंपेक्षा नसांचे आहे. इ.स. १६२ मध्ये तो रोमला आला. तिथे त्याने युडिमस या तत्त्वज्ञाला तापातून बरे केले आणि त्याचा बोलबाला झाला. माजी कॉन्सल फ्लेवियस बोएथस याच्या पुढाकाराने त्याने रोममधील प्रतिष्ठितांपुढे प्रात्यक्षिके केली. त्यातले डुकराचे प्रात्यक्षिक सर्वांत गाजले.

जिवंत डुक्कर बांधून त्याची मान उघडली जाई. डुक्कर किंचाळत असे. श्वासनलिकेच्या दोन्ही बाजूंना केसासारख्या बारीक नसा असतात. गेलेन त्यांच्याभोवती दोरा घालून गाठ आवळी. डुक्कर धडपडत राही, पण आवाज बंद. गाठ सैल केली, की काही वेळाने आवाज परत येई. त्या काळी अनेक तत्त्वज्ञ वाणीचे मूळ हृदयात मानत, कारण आवाज छातीतून येतो. मेंदूतून निघालेल्या नसा आवाज चालवतात, हे गेलेनने सर्वांसमक्ष दाखवले. पहिल्या प्रयोगाच्या वेळी दमास्कसचा अलेक्झांडर हा तत्त्वज्ञ उठला आणि डोळ्यांना दिसते त्यावर विश्वास ठेवायचा का, अशी शंका त्याने काढली. गेलेन चिडून निघून गेला. नंतर मंडळींनी त्याला पुन्हा बोलावून आणले.

या नसांचा मार्ग चमत्कारिक आहे. त्या मेंदूकडून येणाऱ्या मोठ्या नसेतून फुटतात, छातीकडे उतरतात, मोठ्या रक्तवाहिनीला वळसा घालतात आणि पुन्हा वर स्वरयंत्राकडे येतात. कप्पीवरून वळवलेल्या दोरीची उपमा देऊन गेलेनने हे समजावले.

शस्त्रक्रियेत वाचा गेलेल्या मुलांचे काय झाले?

गेलेनने दोन मुलांची हकिकत नोंदवली आहे. त्यांना मानेत गंडमाळ झाली होती. पहिल्या मुलाच्या गाठी काढणाऱ्या वैद्याला रक्तवाहिनी कापली जाण्याची भीती वाटली. म्हणून त्याने शस्त्राऐवजी नखांनी त्या ओरबाडून काढल्या. गाठींबरोबर नसाही तुटल्या. गंडमाळ गेली, पण मुलगा कायमचा मुका झाला. दुसऱ्या मुलावर दुसऱ्या वैद्याने अशीच शस्त्रक्रिया केली. त्याची एका बाजूची नस दुखावली आणि त्याचा आवाज अर्धाच उरला.

स्वरयंत्राला आणि श्वासनलिकेला धक्का लागला नसताना वाचा का गेली, हे कोणालाच उमजेना. गेलेनला उमजले, कारण त्याने डुकराच्या मानेत तेच पाहिले होते. आणखी एका रुग्णाचा आवाज मानेवरील शस्त्रक्रियेच्या वेळी थंडी लागून बसला होता. नस गारठली आहे हे ओळखून गेलेनने उष्ण औषधांनी तो परत आणला.

आज थायरॉइडच्या प्रत्येक शस्त्रक्रियेत सर्जन हीच नस शोधून वाचवतात. तिच्यातही अपवाद आहे. शंभरात एकापेक्षाही कमी लोकांमध्ये उजवी नस खाली न जाता थेट स्वरयंत्राकडे वळते. तिला नेहमीच्या जागी शोधणारा सर्जन गाफील राहिला, तर ती कापली जाऊ शकते.

सम्राटांशी त्याचे नाते कसे होते?

इ.स. १६६ मध्ये गेलेन रोम सोडून गावी गेला. त्याच सुमारास साम्राज्यात मोठी साथ पसरत होती. तो साथीला घाबरून पळाला, असा आरोप तेव्हापासून आजपर्यंत होत आला आहे. पण दोनेक वर्षांतच सम्राट मार्कस ऑरेलियस आणि लुसियस व्हेरस यांनी त्याला उत्तर इटलीतील अॅक्विलिया येथील छावणीत बोलावून घेतले. तिथेही साथ होती. पुढे मार्कस युद्धासाठी उत्तरेकडे निघाला. तेव्हा देवाची आज्ञा वेगळी आहे असे सांगून गेलेनने सैन्यासोबत जाणे टाळले. तो रोममध्ये राहिला आणि राजपुत्र कोमोडसच्या प्रकृतीकडे पाहू लागला. ‘ग्लॅडिएटर’ चित्रपटातला क्रूर सम्राट तो हाच कोमोडस.

त्या युद्धात काही वैद्यांना शत्रूचे मृतदेह फाडून पाहण्याची संधी मिळाली होती. गेलेनला मिळाली नाही. ज्यांना मिळाली त्यांनी आधी माकडांवर सराव केला नव्हता. त्यामुळे खाटकाला जितके कळते तितकेच त्यांना कळले, अशी टीका त्याने केली. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ती संधी दुसऱ्यांच्या हाती वाया गेली, ही चुटपुट त्या टीकेत जाणवते.

आगीत काय जळाले?

इ.स. १९२ मध्ये रोमला भीषण आग लागली. शांतिमंदिराच्या परिसरातील गोदामे सुरक्षित समजली जात. गेलेनने आपली हस्तलिखिते, औषधांचे साठे आणि शस्त्रक्रियेची हत्यारे तिथे ठेवली होती. सगळे जळाले. तेव्हा तो साठीत होता. जे पुन्हा लिहिता येईल ते त्याने पुन्हा लिहायला घेतले. या आपत्तीनंतर आपण खचलो का नाही, हे सांगणारे त्याचे एक दीर्घ पत्र हरवलेले मानले जात होते. ते २००५ मध्ये ग्रीसमधील थेस्सलोनिकीच्या एका मठात सापडले.

शरीरविच्छेदनाच्या पद्धतींवरील त्याच्या मुख्य ग्रंथाचे १५ भाग होते. त्यातले आठ भाग आणि नवव्याचा काही अंश ग्रीकमध्ये टिकला. बाकीचे केवळ अरबी भाषांतरामुळे वाचले. गेलेनचा मृत्यू इ.स. २१६ च्या सुमारास झाला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याने इतके लिहिले, की एकोणिसाव्या शतकात जर्मनीत छापलेल्या त्याच्या उपलब्ध ग्रंथांची २२ पुस्तके झाली.

भारताशी त्याचा संबंध कसा येतो?

नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी गेलेनचे ग्रंथ सीरियाक आणि अरबी भाषांत आणले. अशा १२९ ग्रंथांची यादी हुनैनने केली होती. अरबीत गेलेनचा जालीनूस झाला. हकिमांबरोबर हे वैद्यक भारतात आले आणि युनानी म्हणून रुजले. युनानी म्हणजे ग्रीक. आजही युनानीच्या अभ्यासक्रमात जालीनूसचे नाव आदराने घेतले जाते.

त्याच परंपरेत त्याची पहिली ठोस दुरुस्तीही झाली. इ.स. १२०० च्या सुमारास इजिप्तमध्ये मोठा दुष्काळ पडला. अब्द अल-लतीफ अल-बगदादी हा वैद्य तेव्हा तिथे होता. उघड्यावर पडलेले सांगाडे तपासण्याची संधी त्याला मिळाली. दोन हजारांहून अधिक कवट्या पाहून त्याने नोंदवले, की खालचा जबडा हे एकच हाड आहे, दोन नव्हे. गेलेन थोर असला, तरी डोळ्यांची साक्ष अधिक खरी, असे त्याचे मत होते.

युरोपात त्याला कोणी आव्हान दिले?

ते काम ब्रुसेल्समध्ये १५१४ साली जन्मलेल्या अँड्रियास व्हेसेलियसने केले. तो इटलीतील पादुआ येथे शिकवत होता आणि स्वतःच्या हाताने मानवी प्रेतांचे विच्छेदन करत होता. १५४० मध्ये बोलोन्यात त्याने माकडाचा आणि माणसाचा सांगाडा शेजारी-शेजारी ठेवून फरक दाखवला. गेलेनने मणक्याचा जो भाग माणसाचा म्हणून सांगितला होता, तो माकडाच्या सांगाड्यात होता, माणसाच्या नव्हता. गेलेनने माणूस कधी फाडलाच नव्हता, हे त्याच्या ध्यानात आले. १५४३ मध्ये, अठ्ठाविसाव्या वर्षी, त्याने आपला सचित्र महाग्रंथ प्रसिद्ध केला.

पॅरिसमधील त्याचे जुने गुरू याकोबस सिल्वियस संतापले. त्यांनी शिष्याला जाहीरपणे वेडा ठरवले. गेलेन चुकला नाही, त्याच्या काळानंतर माणसाचे शरीरच बदलले आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. ग्रंथ आणि देह यांत विसंगती दिसली, तर देह चुकीचा ठरवायचा, इथपर्यंत गेलेनचे वजन वाढले होते.

डार्विनने मानेतल्या स्नायूची नोंद का घेतली?

व्हेसेलियसनंतर एक समज रूढ झाली, की माकडातले ते स्नायू माणसात नाहीत. तीही पूर्ण खरी नव्हती. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील जॉन वुड यांनी मृतदेहांतील स्नायूंचे फरक मोजायला सुरुवात केली. ३६ मृतदेहांच्या एका गटात त्यांना ५५८ फरक सापडले. दोन्ही बाजूंना असलेला फरक एकच धरूनही हा आकडा निघाला. पाठ्यपुस्तकाशी तंतोतंत जुळणारा एकही देह त्या गटात नव्हता. एका देहात तर २५ वेगवेगळे फरक होते.

चार्ल्स डार्विन यांनी १८७१ मध्ये माणसाच्या उत्पत्तीवरील ग्रंथात ही आकडेवारी वापरली. वुड यांनी पाहिलेल्या एका पुरुषात वानरांच्या स्नायूंशी जुळणारे सात फरक होते. त्याच्या मानेत दोन्ही बाजूंना हासळी उचलणारा तो स्नायू चांगला भरदार होता. साठ माणसांत एकाला तो असतो, असा तेव्हाचा अंदाज डार्विन यांनी दिला आहे. माणूस आणि वानर यांचे पूर्वज एकच होते, याची खूण म्हणून त्यांनी अशा स्नायूंकडे पाहिले.

असे जादा स्नायू कसे तयार होतात?

गर्भात मानेचे स्नायू सुरुवातीला वेगवेगळे नसतात. पेशींचे काही गठ्ठे असतात. ते वाढताना सरकतात, फुटतात, एकमेकांत मिसळतात किंवा विरून जातात. एखादा गठ्ठा जास्त फुटला, की जादा पट्टी तयार होते. फुटायचा राहिला, की दोन स्नायू एकत्रच राहतात. विरायचा भाग विरला नाही, तर पूर्वजांकडचा स्नायू मागे उरतो. कानामागून छातीच्या हाडाकडे येणाऱ्या मोठ्या स्नायूला काहींमध्ये जादा मुळे असतात. हनुवटीखालच्या स्नायूला जादा फाटा असू शकतो. खवाट्यापासून गळ्यातील हाडाकडे जाणारा ओमोहायॉइड हा बारीक स्नायू काहींमध्ये वेगळ्याच जागी जोडलेला असतो.

बहुतेकांना याचा काहीही त्रास होत नाही. अनेक जण आयुष्यभर असा स्नायू घेऊन जगतात आणि त्यांना पत्ताही नसतो.

मग आज याची दखल का घ्यावी लागते?

तंबाखू-गुटख्यामुळे आपल्याकडे तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. या आजारात मानेतील लसिकाग्रंथी तपासणे आणि अनेकदा काढणे हा उपचाराचा नेहमीचा भाग असतो. सर्जन स्नायूंच्या खुणांवरून वाट काढतात. कुठला स्नायू कुठल्या शिरेवरून जातो, हे त्यांना पाठ असते. खूण जागेवर नसेल किंवा अनोळखी पट्टी आडवी आली, तर थांबून विचार करावा लागतो.

स्कॅनमध्ये अडचण वेगळी आहे. सीटी स्कॅन शरीराचे आडवे काप दाखवतो. लांबट स्नायूचा आडवा काप गोल दिसतो आणि गाठही गोल दिसते. एकाच कापावर भिस्त ठेवली, तर स्नायूला गाठ समजण्याचा धोका असतो. तज्ज्ञ रेडिऑलॉजिस्ट तो ठिपका वरच्या आणि खालच्या कापांत शोधत जातो. गाठ काही कापांनंतर संपते. स्नायू मात्र हासळीपासून मानेच्या वरच्या मणक्यांपर्यंत सलग दिसत राहतो. एवढी तपासणी केली, तर रुग्णाची एक अनावश्यक सुई, कधी कधी शस्त्रक्रिया आणि कित्येक दिवसांची धास्ती वाचते.

गेलेनचे मूल्यमापन कसे करावे?

त्याने जे पाहिले ते बहुतेक बरोबर होते. जे पाहता आले नाही, ते त्याने पाहिलेल्यावरून ठरवले, तिथे तो फसला. त्याहून मोठी चूक त्याच्यानंतरच्यांची होती. स्वतः पाहा, हा त्याचा उपदेश बाजूला ठेवून त्यांनी त्याची पुस्तके पाठ केली. माकडातला स्नायू सगळ्या माणसांत असतो, हे चूक होते. तो कुठल्याच माणसात नसतो, हेही चूक ठरले. शंभरात दोघा-तिघांकडे तो असतो, आणि समोर झोपलेला रुग्ण त्यांपैकी एक आहे का, हे पुस्तक सांगू शकत नाही. त्यासाठी प्रत्येक मान नव्याने पाहावी लागते.